एकाच आवारात तीन वयांच्या कोंबड्या: खाद्याच्या 53 दिवसांच्या नोंदी

दिवस 1

आज कळपात 21 पक्षी आहेत. मोठ्या कोंबड्या 7, कोंबडा 1, 11 आठवड्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) 5 आणि 3 आठवड्यांची पिल्ले 8. पिल्ले विकत आणलेली नाहीत. मोठ्या सातांपैकी एक खुडूक बसली होती, तिनेच ती उबवली आणि आता त्यांना घेऊन ती सगळ्या आवारभर फिरते. म्हणजे अंडी देणाऱ्या सध्या सहाच आहेत. त्यातल्या दोघी तीन वर्षांच्या, बाकीच्या दीड वर्षाच्या.

ही वही ठेवण्याचे कारण मागच्या खेपेचा अनुभव आहे. तेव्हा सोय म्हणून मी लहान-मोठ्या सर्वांना एकच लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य, घालत होते. सुमारे दोन महिन्यांनी एक तलंग आठवडाभर मान आत ओढून बसून राहिली आणि मेली. पशुवैद्यांनी ती उघडून दाखवली तेव्हा यकृतावर आणि हृदयाच्या आवरणावर खडू किसून भुरभुरावा तसा पांढरा थर होता आणि मूत्रपिंडे सुजून फिकट पडली होती. पाणी कमी मिळाल्यानेही असा थर साचतो, त्यामुळे केवळ खाद्यानेच ती मेली असे खात्रीने म्हणता येणार नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पण वाढत्या पक्ष्याला अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य घालू नका, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. लेअर खाद्यात कॅल्शियम साधारण साडेतीन ते साडेचार टक्के असते, तर पिल्लांच्या स्टार्टर आणि वाढत्या पक्ष्यांच्या ग्रोअर खाद्यात ते एक टक्क्याच्या आसपास असते. अंडी देणारी कोंबडी ते कॅल्शियम रोज कवचात घालून बाहेर टाकते. तलंगेच्या शरीराला ते घालायला जागाच नसते आणि सगळा भार मूत्रपिंडांवर येतो.

म्हणून या वेळी तीन पोती, तीन भांडी आणि तीन कोपरे अशी योजना केली आहे: मोठ्यांना छपराखाली लेअर, तलंगांना कुंपणाजवळ ग्रोअर, पिल्लांना त्यांच्या खोक्यात स्टार्टर.

दिवस 2

सर्व तलंगा आणि पिल्ले वजन करून घेतली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर खोलगट डबा ठेवून त्यात पक्षी बसवला आणि वरून फडके टाकले की तो शांत राहतो. तेरा पक्ष्यांना पाऊण तास लागला. साधारण दर आठवड्याला, सकाळी खाण्याच्या आधी वजन करायचे असे ठरवले आहे, कारण भरल्या पोटी केलेल्या वजनाची तुलना दुसऱ्या दिवशीच्या रिकाम्या पोटाच्या वजनाशी करून काहीच कळत नाही.

दिवस 3

पिल्लांचे खोके तयार झाले. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, वर जाळी, चारही बाजूंनी उभ्या पट्ट्या आणि दोन पट्ट्यांमध्ये साडेसहा सेंटिमीटर अंतर. पिल्लू सहज आत जाते, मोठी कोंबडी खांद्याशी अडते. पहिल्यांदा मी नऊ सेंटिमीटर अंतर ठेवले होते. त्यातून सडपातळ बांध्याची एक तलंग तिरकी होऊन आत शिरली आणि तिला बाहेर पडता येईना, म्हणून दोन्ही लांब बाजूंच्या पट्ट्या उखडून पुन्हा ठोकाव्या लागल्या. अर्धा दिवस गेला.

दिवस 5

पहिली चूक लक्षात आली. मोठ्या कोंबड्या खोक्यात जात नाहीत, पण पट्ट्यांमधून मान घालून स्टार्टर खातात. भांडे मी कडेला ठेवले होते, कारण तेथून भरायला सोपे जात होते. आता ते मधोमध, प्रत्येक पट्टीपासून किमान 40 सेंटिमीटर दूर ठेवले आहे आणि भरण्यासाठी वरची जाळी उघडी करता येईल अशी बिजागरी लावली आहे. रुंदी एक मीटर असल्यामुळे भांडे अरुंद घ्यावे लागले. आधीचे मोठे गोल भांडे पडून राहिले आहे.

दिवस 7

आज सकाळी छपराजवळ तासभर बसून नुसते पाहिले, आणि खोके बांधण्याआधी हे का केले नाही याचे वाईट वाटले.

पिल्लांची आई लेअरच्या भांड्याशी गेली. चोचीने खाद्याचा एक कण उचलला, जमिनीवर टाकला, पुन्हा उचलला, पुन्हा टाकला आणि त्याच वेळी घशातून ते भरभर, दबक्या सुरातले 'कुक्-कुक्-कुक्' काढू लागली. आठही पिल्ले खोक्यातले स्टार्टर सोडून पट्ट्यांमधून धावत बाहेर आली आणि तिच्या पायाशी पडलेले कण टिपू लागली. आई आपले काम चोख करत होती. पिल्लांना खायला शिकवायचे ते असेच. मोठ्यांनी आत जाऊ नये याची सोय मी केली होती. पिल्लांनी बाहेर येऊ नये याची नव्हती, आणि आईसोबत मोकळे फिरणाऱ्या पिल्लांच्या बाबतीत ती करता येणारही नाही.

दिवस 9

नुसत्या नजरेवर भिस्त ठेवायची नाही म्हणून तिन्ही भांडी सकाळी भरताना आणि दुसऱ्या सकाळी उरलेले खाद्य तोलून चोवीस तासांचा हिशेब घेतला. मोठ्या पक्ष्याला दिवसाला साधारण 115 ग्रॅम धरले तर आठांना 920 ग्रॅम लागायला हवे. या वयाच्या तलंगेला सुमारे 65 ग्रॅम, म्हणजे पाचांना 325. पिल्लाला सुमारे 25 ग्रॅम, म्हणजे आठांना 200. एकूण 1,445 ग्रॅम.

प्रत्यक्षात लेअर 760, ग्रोअर 210 आणि स्टार्टर 450 ग्रॅम संपले. एकूण 1,420, म्हणजे बेरीज जवळपास बरोबर आहे आणि वाटणी पूर्णपणे चुकलेली आहे. स्टार्टर दुपटीहून अधिक गेले आहे. आई पट्ट्यांना अंग घासून भांडे हलवते आणि बाहेर सांडलेले मोठ्या कोंबड्या टिपतात, हे दुपारी दिसले. तलंगांनी ग्रोअर कमी खाल्ले आहे, कारण त्या लेअरच्या भांड्यावर जातात. ज्यांना जे द्यायचे नव्हते नेमके तेच त्यांना मिळत होते, आणि मी मात्र तीन पोत्यांवर तीन चिठ्ठ्या लावून निश्चिंत होते.

एकूण आकड्यावर समाधान मानू नये. प्रत्येक भांडे वेगळे तोलावे. हा हिशेब मी दुसऱ्याच दिवशी केला असता तर पुढचा घोटाळा टळला असता.

दिवस 10

स्टार्टरच्या पोत्यावरची बारीक अक्षरांतली चिठ्ठी आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. त्यात रक्ती हगवणीविरुद्धचे औषध मिसळलेले आहे. पिल्लांसाठी ते उपयोगाचे आहे, पण निदान पाच दिवस तरी अंडी देणाऱ्या कोंबड्या तेच खात होत्या. अशी औषधे वेगवेगळी असतात आणि अंड्यांबाबतचे नियमही औषधानुसार बदलतात, म्हणून मी स्वतः अंदाज न करता चिठ्ठीचे छायाचित्र पशुवैद्यांना पाठवले. त्यांनी मागची आणि पुढच्या काही दिवसांची अंडी खाऊ नयेत असे सांगितले. सगळी मिळून 31 अंडी टाकावी लागली.

दिवस 12

तीन खाद्यांची योजना सोडून दिली.

आता सर्वांना एकच खाद्य, आणि ते कळपातल्या सर्वांत लहान पक्ष्याला सोसेल असे. नव्या पोत्याच्या चिठ्ठीवर प्रथिने 18 टक्के, कॅल्शियम 1 टक्का असे आहे आणि त्यात औषध नाही. पिल्ले आता जवळपास पाच आठवड्यांची झाली आहेत आणि ती अंड्यासाठी पाळायच्या जातीची आहेत, त्यामुळे 18 टक्के प्रथिने त्यांना पुरतील. ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली असती तर मी 20 टक्क्यांचे खाद्य शोधले असते. मोठ्या कोंबड्यांना 18 टक्के थोडे जास्तच आहे, पण त्याने त्यांचे नुकसान होत नाही. कोंबड्यालाही हेच बरे, कारण लेअरमधल्या कॅल्शियमची त्याला कधीच गरज नव्हती.

कमी पडणार आहे ते फक्त अंडी देणाऱ्या सहा जणींचे कॅल्शियम, आणि ते शिंपल्यांच्या चुऱ्यातून वेगळ्या भांड्यात द्यायचे. हिशेब असा केला: अशा कोंबडीला दिवसाला सुमारे चार ग्रॅम कॅल्शियम लागते. 115 ग्रॅम नव्या खाद्यातून सव्वा ग्रॅमही मिळत नाही. उरलेले पावणेतीन ते तीन ग्रॅम शिंपल्यांतून यायचे, आणि शिंपल्यात वजनाच्या साधारण 38 टक्के कॅल्शियम असते, म्हणजे एका कोंबडीला रोज साडेसात ते आठ ग्रॅम चुरा. सहांना 45 ते 48 ग्रॅम. वापर या आकड्याच्या आसपास आला तर कोंबड्या आपली गरज भागवत आहेत असे समजायचे.

लेअरचे 14 किलो खाद्य उरले होते. ज्यांच्याकडे फक्त मोठ्या कोंबड्या आहेत अशा एका परिचितांना ते देऊन टाकले.

दिवस 13 ते 19

खाद्य एकदम न बदलता रोज नव्याचे प्रमाण वाढवत नेले. तरी एक अडचण आली. नवे खाद्य गोळीच्या रूपात होते आणि गोळी पिल्लांच्या चोचीला मोठी पडत होती. पिल्ले भांड्यात उभी राहून गोळ्या पायांनी उडवत होती आणि तळाचा चुरा शोधत होती. पंधराव्या दिवसाच्या वजनात आठांपैकी तिघांची वाढ जवळजवळ थांबलेली दिसली. दोन दिवस गोळ्या दळून पाहिल्या, पण दळल्यावर पीठ झाले. पिल्लांनी तेही नीट खाल्ले नाही आणि ते पाण्याच्या भांड्यात पडून चिकट लगदा झाला. शेवटी उरलेले पोते बदलून त्याच खाद्याचा भरडा आणला. भरडा सर्व वयांना चालतो. खाद्य निवडताना घटकांइतकेच कणाच्या आकाराकडेही पाहायला हवे होते.

भांड्यांची उंचीही आताच सुधारली. काठ पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर असला की तो मान घालून खातो. काठ खाली असला की पायांनी उकरतो. आता तीन उंचींची भांडी टांगली आहेत आणि एकही दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरत नाही. खाली सांडणारे खाद्य रोज ओंजळभर होते, ते चिमूटभरावर आले.

दिवस 20

कॅल्शियमच्या बाबतीत मी घाई केली आणि त्याचा परिणाम आज दिसला. शिंपल्यांचा चुरा मिळायला उशीर होत होता म्हणून मी घरात असलेली चुनखडीची बारीक भुकटी ताटलीत ठेवली होती. कोंबड्यांनी एकदा चोच घालून ती सोडून दिली आणि रात्रीच्या दमटपणाने तिचा गठ्ठा झाला. आज सकाळी खुराड्यात बसायच्या काठीखाली एक अंडे कवचाशिवाय, नुसत्या पापुद्र्यात पडलेले सापडले. हातात घेतले तर पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे लिबलिबत होते. दुसरे एक अंडे उचलताना अंगठ्याखाली चेपले. हे तीन वर्षांच्या दोघींपैकीच एकीचे असावे, कारण वय वाढते तसे अंडे मोठे होते आणि कवच पातळ होते.

दिवस 21

जाड चुरा आला. कण दोन ते चार मिलिमीटरचे आहेत. भुकटी आणि चुरा यांत कॅल्शियम जवळपास सारखेच असते, फरक वेळेचा आहे. अंडे तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात आणि त्यातले सुमारे 20 तास कवच बनण्यात जातात. त्यातला मोठा भाग रात्री येतो, जेव्हा कोंबडी काही खात नाही. भुकटी तोपर्यंत आतड्यातून पुढे निघून गेलेली असते, तर जाड कण गिझार्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या जाड स्नायूंच्या पोटात, अडून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात.

चुरा छपराखाली, मोठ्यांच्या पाठीच्या उंचीवर टांगलेल्या डब्यात ठेवला आहे. पिल्लांची चोच तिथे पोचत नाही, तलंगांची पोचते. त्याच्या शेजारच्या दुसऱ्या डब्यात खडीची बारीक कच आहे. ही दोन कामे वेगळी आहेत. शिंपला विरघळून जातो, त्याने दाणे दळले जात नाहीत. ते काम कचेचे. पिल्लांसाठी याहून बारीक कच जमिनीवर ठेवली आहे, कारण ती आईबरोबर गवत आणि किडे खातात.

दिवस 24

संध्याकाळी डब्याजवळ बसले. दिवसभर तिकडे क्वचितच कोणी जाते, पण ऊन उतरल्यावर एकेक कोंबडी मुद्दाम तिथे येऊन उभी राहते आणि आठ-दहा कण निवडून गिळते. काल अंडे न दिलेल्या कोंबडीने डब्याकडे पाहिलेही नाही. दोन तलंगा आल्या. एकीने एक कण उचलला, चोचीत फिरवला आणि खाली टाकला. दुसरीने एक गिळला आणि ती निघून गेली. पहिले दोन दिवस तलंगा डब्याशी गेल्या की माझा जीव वर-खाली होत असे. आता वाटते की समोर निवड ठेवली तर त्या जरुरीपेक्षा जास्त खात नाहीत. खाद्यातच कॅल्शियम मिसळले की मात्र त्यांना निवडच उरत नाही.

तीन दिवसांचा वापर तोलून पाहिला: दिवसाला सरासरी 43 ग्रॅम.

दिवस 28

वजनात धक्का बसला. पाच तलंगांपैकी दोघी आठवड्यात वाढल्याच नाहीत, उलट एकीचे वजन 40 ग्रॅमने उतरले आहे. विष्ठा चांगली आहे, डोळे स्वच्छ आहेत. दिवसा मी पाहते तेव्हा त्या भांड्याशी उभ्याही दिसतात.

रात्री सर्व काठीवर बसल्यावर विजेरी घेऊन गेले आणि प्रत्येकीच्या छातीच्या उजव्या बाजूला, गळ्याखालच्या अन्नपिशवीवर बोटे ठेवून पाहिली. मोठ्या कोंबडीची पिशवी या वेळी लिंबाएवढी भरलेली, घट्ट लागते. तिघी तलंगांचीही तशीच लागली. त्या दोघींच्या जागी मात्र नुसती सैल कातडी हाताला आली. त्या उपाशीच झोपायला गेल्या होत्या.

दिवस 29

आज पाहिले ते असे. दोघी भांड्याशी येतात, उभ्या राहतात आणि एक मोठी कोंबडी मान उंचावून त्यांच्याकडे नुसती पाहते तेवढ्याने मागे सरतात. टोचाटोची नाही, आरडाओरडा नाही, म्हणून मला महिनाभर काही दिसले नाही. भांडी तीन होती, पण तिन्ही छपराखाली एका ओळीत होती आणि छपराखाली जिचे राज्य, तिचेच तिन्ही भांड्यांवर राज्य होते.

दोन भांडी हलवली. एक खुराड्याच्या मागे, एक खोक्याच्या आड. एका भांड्याशी उभे राहून दुसरे दिसू नये हे महत्त्वाचे. मोठ्या पक्ष्याला काठाशी साधारण 10 सेंटिमीटर जागा लागते हे मला माहीत होते आणि तेवढी जागा मी मोजून दिलीही होती, पण ती जागा एकाच नजरेच्या टप्प्यात असेल तर ती मोजणी निरर्थक आहे. पाण्याचेही दुसरे भांडे ठेवले. पक्षी खाद्याच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी पितात, आणि पाण्यावरून हटकलेली तलंग खाणेही कमी करते.

दिवस 31

रात्री दोघींच्या पिशव्या भरलेल्या. आता रोज रात्री दोन मिनिटे हात फिरवते. वजनाच्या काट्यावर जे आठवड्याने कळते ते बोटांना त्याच दिवशी कळते.

दिवस 34

पावसाची झड तिरकी आली आणि खुराड्यामागचे भांडे भिजले. वरचे ओले खाद्य काढले, तळाचे कोरडे वाटले म्हणून ठेवले. दोन दिवसांनी त्याला आंबूस वास येऊन हिरवट बुरशी दिसली. बुरशीतले विष पिल्लांना आधी बाधते, म्हणून त्या भांड्यातले सगळे, साडेतीन किलो, पुरून टाकले. कोंबड्यांना पोचेल अशा उकिरड्यावर टाकले नाही. भांडे घासून उन्हात वाळवले आणि वर पत्र्याचे छप्पर केले.

दिवस 38

घरातल्या लहानांना दाणे टाकायला आवडते आणि कोंबड्यांनाही दाणे आवडतात, त्यामुळे दाण्यांचे प्रमाण नकळत वाढले होते. चार दिवस भांड्यांतले खाद्य रोज दीडशे ग्रॅमने कमी संपत होते तेव्हा लक्षात आले. धान्यात प्रथिने आठ-दहा टक्केच असतात. पोट भरते, पण 18 टक्क्यांचा हिशेब बिघडतो. आता दाण्यांसाठी एक वाटी ठरवली आहे, जी दिवसाच्या खाद्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी आहे, आणि ती संध्याकाळी, सर्वांची मुख्य खाणी झाल्यावरच द्यायची. मुलांनीच वाटीवर रेघ ओढली.

दिवस 43

तीन वर्षांच्या दोघींपैकी एकीची पिसे झडू लागली आणि तिने अंडी देणे थांबवले. पिसे जवळपास सगळी प्रथिनांचीच असतात, त्यामुळे या काळात तिला लेअरच्या 16 टक्क्यांपेक्षा हे खाद्य अधिक उपयोगी आहे. ती शिंपल्याच्या डब्याकडेही फिरकत नाही. पिल्लांच्या आईने पिल्लांना सोडून पुन्हा अंडी सुरू केली आहेत, आणि ती मात्र संध्याकाळी डब्याशी पहिली असते. खोक्याच्या पट्ट्यांमधून पिल्ले आता जात नाहीत, म्हणून खोके उचलून ठेवले.

दिवस 49

सर्वांत मोठ्या तलंगेचा तुरा आठवड्यात लाल झाला आणि मी जवळ गेले की ती पंख जरा पसरून खाली बसते, म्हणजे ती लवकरच अंड्यावर येणार. पूर्वी या टप्प्यावर मी धावत जाऊन लेअरचे पोते आणले असते. आता काहीच बदललेले नाही, फक्त डब्यातला चुरा वाढवला आहे.

दिवस 53

आज सकाळी तिचे पहिले अंडे मिळाले, वय साडेअठरा आठवडे. वजन 41 ग्रॅम, कवच टणक, टोकाशी रक्ताची एक बारीक रेघ, जी पहिल्या अंड्यावर असू शकते. गेले तीन दिवस ती रोज संध्याकाळी शिंपल्याच्या डब्याशी उभी राहत होती. बाकीच्या चौघी अजून तिकडे जात नाहीत. डब्याचा वापर आज 51 ग्रॅम, म्हणून महिन्याला दीड किलो चुरा लागेल असे धरून पुढची पिशवी मागवली आहे.